मिठाला तेल काय करतंय?



उचगाव म्हटलं की बऱ्याच जणांना कोल्हापूरला लागून असलेलं उचगाव आठवतं. आमचं उचगाव ते नव्हे. आमचं बेळगावच्या पश्चिमेला, वेंगुर्ला रस्त्यावर हिंडलगा आणि सुळगा मागे टाकल्यावर लागतं. मळेकरणी देवीचं उचगाव. भात, बटाटा, रताळी ही इथली पिकं. पाऊस असा की जून ते सप्टेंबर कपडे चुलीवर टांगल्याशिवाय वाळत नाहीत. आणि गल्लीगल्लीत एखादं तरी घर माजी सैनिकाचं. १९२२ पासून बेळगावात मराठा लाइट इन्फंट्रीचं रेजिमेंटल सेंटर आहे. या रेजिमेंटची सर्वांत जुनी पलटण, जंगी पलटण, १७६८ सालची. त्यामुळे आमच्याकडच्या पोरांना शाळेच्या वाटेपेक्षा भरतीच्या मैदानाची वाट आधी पाठ होते, असं म्हटलं तरी चालेल.

माझे आज्जा १९६१ साली त्याच वाटेनं गेले आणि हवालदार होऊन परत आले. मी मात्र पीयूसी करून बीई झालो आणि आता ओहायोत कॉम्प्युटरसमोर बसतो. आमच्या दोघांत बोलायला विषय तसे कमीच. फोनवर ‘जेवलास काय?’, ‘थंडी किती?’ आणि ‘पोरगं शाळेला जातंय न्हवं?’ एवढ्यावर संपायचं. गेल्या वर्षीच्या जुलैपर्यंत असंच चाललं होतं.

एक रायफल आणि एक डबा

तीन वर्षांपूर्वी ऑफिसातल्या एका सहकाऱ्याबरोबर मी इथल्या नेमबाजी क्लबात जायला लागलो. चुकतमाकत गोडी लागली. मग क्लबातल्या एका वयस्कर सभासदाकडून एक जुनी थ्री नॉट थ्री, म्हणजे ली-एनफिल्ड रायफल, विकत घेतली. का, तर आज्जांच्या तरुणपणच्या एकमेव फोटोत त्यांच्या हातात तीच होती. बायकोला हा व्यवहार अजिबात पसंत नव्हता. घरात सात वर्षांचा मुलगा आहे. ‘कुलूपबंद लोखंडी कपाटाशिवाय ती उंबरठा ओलांडणार नाही,’ असं तिनं सांगितलं आणि तसंच झालं. तिची दुसरी अट होती, उचगावला सांगायचं. ती मात्र मी पाळली नाही.

रायफलबरोबर त्या सभासदानं मला जुन्या लष्करी साठ्यातली काही काडतुसंही दिली. जुलैतल्या एका शनिवारी मी ती वापरली. संध्याकाळी घरी पाहुणे येणार होते. म्हणून नळीतून तेलाची एक चिंदी फिरवली, रायफल कपाटात ठेवली आणि कुलूप लावलं. खरी सफाई पुढच्या शनिवारी करू म्हटलं. कारण माझ्याकडे फेसाचा डबा होता.

हा डबा म्हणजे दाढीच्या फेसासारखाच प्रकार. त्याची बारीक नळी रायफलच्या मागच्या बाजूनं आत धरायची आणि बटण दाबायचं. फेस फुगत फुगत पुढच्या तोंडाशी येतो. पंधरा-वीस मिनिटं थांबायचं आणि चिंदीनं पुसून काढायचं. घासाघीस नाही. आमच्यासारख्या आळशी इंजिनिअरांसाठीच बनवलाय असं वाटावं.

पुढच्या शनिवारी फेस भरला, वीस मिनिटांनी चिंदी फिरवली. ती निळी झाली होती, काळी झाली होती, आणि एका कडेला तांबूस होती. निळं-काळं अपेक्षित होतं, तांबूस नव्हतं. पुन्हा दोनदा फेस भरून नळी स्वच्छ केली आणि दिवा धरून आत पाहिलं. तोंडापासून चार बोटं आत गंजाचे बारीक ठिपके होते. रायफल बाहेरून चकचकीत आणि आतून सात दिवसांत गंजलेली.

आमच्याकडे शनिवारची रात्र म्हणजे उचगावात रविवारची सकाळ. मी फोन लावला.

“पाणी घातलास काय?”

सगळं सांगितल्यावर बराच वेळ पलीकडून काही आवाज आला नाही. मग आज्जांनी विचारलं, “रायफल? घरात?”

“होय आज्जा.”

“कुठं ठेवलास?”

“कुलपात.”

“किल्ली?”

“माझ्याकडं.”

“काडतुसं?”

“दुसऱ्या डब्यात. त्यालाही कुलूप आहे.”

“आमची रायफल कोतात असायची. सही करून घ्यायची, सही करून द्यायची. सरकारची होती ती. सुट्टीला येताना कधी घरापर्यंत आणली नाही,” ते म्हणाले. कोत म्हणजे पलटणीचं शस्त्रागार. आवाजात राग नव्हता, पण मला तो बरा वाटला असता. मग एकदम म्हणाले, “मारल्यावर पाणी घातलास काय?”

“पाणी? बंदुकीत? नाही, तेल घातलं.”

“तेलानं मीठ जातंय व्हय रे? मिठाला तेल काय करतंय? मिठाला पाणीच लागतंय. एवढा शिकलास आणि हे कळंना?”

मी हसलो. म्हटलं, म्हातारपण. बंदुकीत मीठ कुठून येणार? फोन ठेवला आणि शोधायला बसलो. तासाभरात माझं हसू गेलं.

काडतुसाच्या बुडाशी एक छोटी टोपी असते. घोडा दाबला की तिच्यावर टोला बसतो, ठिणगी पडते आणि दारू पेटते. जुन्या लष्करी काडतुसांच्या या टोपीत पोटॅशियम क्लोरेट असायचं. ते जळलं की मागे उरतं पोटॅशियम क्लोराइड, म्हणजे आपल्या खायच्या मिठाचं सख्खं भावंड. प्रत्येक गोळीबरोबर त्याचा पातळ थर नळीत बसतो. मीठ हवेतली ओल ओढून घेतं आणि त्या खाऱ्या ओलीत लोखंड गंजतं. हे मीठ तेलात विरघळत नाही. उलट मी वरून तेलाचा थर दिला आणि मीठ खाली तसंच ठेवलं. लोणच्याच्या बरणीत वर तेल तरंगत असलं तरी खाली खार असतोच ना, तसं.

आज्जांनी रसायनशास्त्राचं पुस्तक कधी उघडलं नव्हतं. पण १९६१ सालच्या रिक्रूटला उस्तादानं शिकवलेलं त्यांच्या हातात होतं. फायरिंगहून परत आलं की आधी केटलीत पाणी उकळायचं. बोल्ट काढून, नरसाळं लावून ते मागच्या बाजूनं नळीत ओतायचं. पाणी उकळतंच हवं, कारण त्यानं मीठ तर धुऊन जातंच, शिवाय नळी इतकी तापते की आतली ओल आपोआप वाळते. मग कोरडी चिंदी, मग तेलाची चिंदी. दुसऱ्या दिवशी पुन्हा बघायचं, तिसऱ्या दिवशी पुन्हा. “तिसऱ्या दिवसापर्यंत रायफलीला घाम येतोय,” हे त्यांचं वाक्य. बेळगावच्या पावसात हे टाळलं, तर इन्स्पेक्शनला उभं राहायची सोय नव्हती. साहेब रायफलच्या मागच्या बाजूला अंगठ्याचं नख धरायला सांगायचे, म्हणजे त्यावरून उजेड परतून नळीत पडतो, आणि पुढून डोळा लावायचे. एक ठिपका दिसला की त्या दिवशीची सुट्टी गेली.

मळ तीन प्रकारचा

त्यानंतर दर रविवारी सकाळी आमचे फोन सुरू झाले. आज्जा त्यांच्याकडचं सांगायचे, मी वाचलेलं सांगायचो. त्यातून माझ्या डोक्यात जे नीट बसलं ते असं: रायफलच्या नळीत मळ एक नसतो, तीन असतात, आणि तिघांचं औषध वेगवेगळं.

पहिलं हे मीठ. त्याला पाणी. आजकालच्या बहुतेक नव्या काडतुसांच्या टोपीत क्लोरेट नसतं, त्यामुळे ती वापरणाऱ्यांना या मिठाची चिंता नाही. पण जुन्या लष्करी साठ्यातलं काडतूस हातात आलं तर ते मीठ सोडणारं आहे असंच धरून चालावं.

दुसरी काजळी, म्हणजे जळलेल्या दारूचा काळा थर. त्याला तेलकट द्रावण आणि थोडं घासणं लागतं. अमेरिकेत फ्रँक ऑगस्ट हॉप यांनी १९०३ साली काढलेलं ‘हॉपीज नंबर नाइन’ हे द्रावण अजून दुकानात मिळतं. त्याचा वास एकदा घेतला की विसरत नाही.

तिसरं तांबं. थ्री नॉट थ्रीची गोळी आत शिशाची आणि बाहेरून तांब्याच्या मिश्रधातूच्या कवचाची असते. नळीला आतून पाच पीळदार खाचा असतात. त्यांच्यामुळे गोळी फिरत बाहेर पडते आणि सरळ जाते. दर दहा इंचांना एक फेरा. गोळीचा वेग सेकंदाला सुमारे ७४० मीटर धरला, तर ती सेकंदाला २९०० च्या आसपास फेरे या गतीनं फिरत निघते. इतक्या वेगानं घासताना कवचाचं थोडं तांबं खाचांना चिकटतं. थर वाढला की नेम बिघडतो. हे तांबं पाण्यानंही जात नाही आणि तेलानंही जात नाही.

फेसाचा डबा मुळात या तिसऱ्या मळासाठी आहे. त्यात अमोनिया किंवा त्याच्या कुळातली रसायनं असतात. ती तांब्याला विरघळवतात आणि त्याचा गडद निळा रंग होतो. पीयूसीच्या प्रॅक्टिकलला मोरचुदाच्या पाण्यात अमोनिया घातल्यावर परीक्षानळीत जो निळा दिसायचा, तोच हा. आणि फेसच का? तर नळी आडवी असताना पातळ औषध ओतलं की ते तळाशी जमतं, वरची बाजू कोरडी राहते. फेस मात्र पूर्ण नळी भरतो आणि चहूबाजूंनी चिकटून राहतो. कल्पना खरंच चांगली आहे. चूक डब्याची नव्हती. कुठला मळ आहे हे न विचारताच मी औषध दिलं होतं, आणि तेही आठ दिवसांनी.

फेस वापरायचा तर

मंडळात शिकार किंवा नेमबाजी करणारे काही जण आहेत, त्यांच्यासाठी माझ्या चुकांतून जमलेली पद्धत सांगतो.

सगळ्यात आधी रायफल रिकामी आहे का ते पाहा. डोळ्यानं पाहा, मग बोट घालून पाहा. काडतुसं त्या खोलीतच नकोत. खिडकी उघडी हवी, हातात मोजे हवेत आणि जवळ लहान मूल नको. जुनी लष्करी काडतुसं वापरली असतील तर त्याच संध्याकाळी उकळतं पाणी घाला. लाकडावर सांडू देऊ नका. नळीबरोबर बोल्टचं तोंडही पुसा, कारण मीठ तिथंही बसतं. मग सगळं कोरडं करा.

त्यानंतर फेस. रायफल अशी ठेवा की तोंड किंचित खाली राहील, म्हणजे वितळलेला फेस घोड्याच्या यंत्रणेत किंवा दस्त्यात उतरणार नाही. फेसानं लाकडाचं पॉलिश जातं. तोंडाखाली जुनं फडकं ठेवा. फेस मागून भरा आणि तोंडाशी दिसला की थांबा. डब्यावर लिहिलेल्या वेळेपेक्षा जास्त ठेवू नका. काही औषधं रात्रभर ठेवायला चालतात, पण ज्यांत अमोनिया तीव्र आहे ती जास्त वेळ राहिली तर पोलादालाही खाऊ शकतात.

चिंदी नेहमी मागून पुढे न्यायची. ती निळी आली की पुन्हा फेस, पांढरी येईपर्यंत. इथे एक गंमत आहे. ब्रश किंवा सळईचं टोक पितळेचं असेल तर औषध त्यालाही विरघळवतं आणि चिंदी कायम निळीच येते. मी एकदा पाच वेळा फेस भरला आणि शेवटी कळलं की मी माझ्या सळईचं टोक धूत होतो. म्हणून ब्रश नायलॉनचा हवा आणि टोक प्लास्टिकचं किंवा निकेलचा मुलामा दिलेलं.

शेवटी फेसाचा अंश पूर्ण पुसून तेलाची हलकी चिंदी. पुढच्या वेळी गोळी मारण्याआधी ते तेल कोरड्या चिंदीनं काढून टाकायचं. सफाईनंतरच्या पहिल्या एक-दोन गोळ्या थोड्या इकडेतिकडे जातात, त्यानं घाबरू नका. आणि फेस प्रत्येक वेळी लागत नाही. नेम ढळायला लागला किंवा खाचांत तांबूस चमक दिसली की वापरायचा. काम झालं की हात साबणानं धुऊनच जेवायला बसायचं. आज्जांच्या पलटणीत आधी रायफल, मग हात, मग ताट असाच क्रम होता.

आपल्या मुलांपैकी कोणाला नेमबाजी शिकायची असेल, तर हा फेस-बिस तूर्त विसरा. एअर रायफलमध्ये दारूच नसते, शिशाची छोटी गोळी हवेच्या दाबानं जाते. पॉइंट टू-टू रायफलची स्पर्धेची गोळीही शिशाची असते आणि तिला मेणासारखं वंगण लावलेलं असतं. तांब्याचं कवच नाही, त्यामुळे तांब्याचा प्रश्नही नाही. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत २०१० साली म्युनिकमध्ये ५० मीटर प्रोनमध्ये जागतिक विजेत्या झाल्या, आणि राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर थ्री पोझिशन्सचं कांस्यपदक मिळवलं. दोघांचीही रायफल पॉइंट टू-टू. हे मी आज्जांना सांगितलं, तर म्हणाले, “कांबळवाडी? म्हणजे आपल्याकडचंच की पोरगं.” बेळगावहून कोल्हापूर शंभर-सव्वाशे किलोमीटर, पण आज्जांच्या हिशेबात आपल्याकडचंच.

पाइपातली चिंदी

डिसेंबरात आम्ही उचगावला गेलो. आज्जा आता चौऱ्याऐंशीच्या घरात आहेत. हात थरथरतात, चहाचा कप दोन्ही हातांनी धरतात. मी म्हटलं, “आज्जा, फुलथ्रू कसा ओढायचा ते दाखवा.” फुलथ्रू म्हणजे इंग्रजी ‘पुल-थ्रू’. एका टोकाला वजन आणि दुसऱ्या टोकाला चिंदीसाठी फास असलेली दोरी. थ्री नॉट थ्रीच्या दस्त्याच्या बुडाशी एक झाकण असतं, त्याच्या आत ही दोरी आणि तेलाची छोटी पितळी बाटली ठेवलेली असायची.

भारतात १९५९ च्या शस्त्र कायद्याप्रमाणे परवान्याशिवाय बंदूक बाळगता येत नाही, आणि आमच्या घरात ती कधी नव्हतीच. मग आज्जांनी परसातून प्लंबरानं टाकून दिलेला दीड हाताचा पाइपाचा तुकडा आणायला सांगितला. पायजम्याची नाडी घेतली, तिच्या एका टोकाला नट बांधला. जुन्या धोतराची चार इंच लांब, दोन इंच रुंद चिंदी फाडली. फाडताना आणि घडी घालताना त्यांचे हात थरथरत नव्हते. मी बायकोकडे पाहिलं, तिनंही ते पाहिलं होतं.

“एकट्यानं ओढायचं नाही,” ते माझ्या मुलाला म्हणाले. “एकानं रायफल धरायची, दुसऱ्यानं ओढायचं. तू धर.” मुलानं दोन्ही हातांनी पाइप धरला. आज्जांनी नट पाइपात सोडला, पलीकडून बाहेर आला तशी नाडी हातात घेतली आणि एका दमात ओढली. “सरळ. तिरकी ओढलीस तर दोरी तोंडाला घासतीय. रोज घासून घासून पोलादाला पण खाच पडतीय. तोंड गेलं की नेम गेला.” मग मुलाला ओढायला लावलं. तिरकी गेली की “पुन्हा”. सात-आठ वेळा.

मुलानं विचारलं, “पणजोबा, तुम्ही कोणाला गोळी मारलीत का?”

हा प्रश्न मी चाळीस वर्षांचा होत आलो तरी विचारला नव्हता. आज्जांनी चिंदीची घडी मोडून पुन्हा घातली. म्हणाले, “रायफल साफ ठेवायची. वापरायला लागू नये म्हणून देवाला सांगायचं. आमचं काम तेवढंच.” मुलाला ते पुरलं. मलाही पुढे काही विचारावंसं वाटलं नाही.

परत आल्यावर मी रायफल पुन्हा पाहिली. गंजाचे ते ठिपके गेलेले नाहीत आणि जाणारही नाहीत, फक्त वाढू द्यायचे नाहीत. जुनी काडतुसं मी क्लबाला परत केली. रायफल कधीकधी वापरतो, नवीन काडतुसांनी. कपाटाशेजारच्या फळीवर फेसाचा डबा आहे आणि त्याच्याजवळ एक केटलीही आहे. नवीन काडतुसांना तिची गरज नाही, तरी ठेवली आहे. उचगावहून आणलेली नाडी तिच्या कानाला बांधून ठेवलीय.

मंडळी, आपल्यापैकी अनेकांच्या घरी असे फौजी आजोबा, काका, मामा आहेत. लढाईच्या गोष्टी विचारल्या तर ते बहुधा गप्प बसतात. त्यापेक्षा त्यांना विचारून बघा, बूट कसे चमकवायचे, बिस्तरा कसा बांधायचा, रायफल कशी साफ करायची. माझ्या अनुभवावरून सांगतो, रविवारची सकाळ पुरत नाही.